लाईटवर ढकललेली चूक

२० फेब्रुवारी. लॅपटॉपची बॅटरी बदलायची की नाही, हे त्या दिवशी ठरवायचं होतं. ती गेल्याचं धानोऱ्याच्या दुरुस्तीवाल्यानं कधीच सांगितलं होतं. मशीनच म्हातारं, त्याला नवी बॅटरी कशाला, म्हणून मी ते चार्जर लावूनच चालवत होते. वर ही काटकसर चारचौघांत सांगत होते.

ग्रामसभांचे कागद तयार करणं हे माझं काम. आठवड्यापूर्वी एका गावात मोहाच्या झाडांची यादी टाईप करत होते. झाडं जंगलात असली तरी कुठल्या मोहाखाली कुठल्या घरानं फुलं वेचायची, हे तिथे पिढ्यांपासून ठरलेलं. यादी संपत आली आणि लाईट गेली. स्क्रीन काळी, साठवलेलं काही नाही. लोकांना पुन्हा सगळं विचारायचा कंटाळा केला. घरी येऊन आठवेल तसं लिहिलं आणि छापून पाठवून दिलं. खरी रीत अशी, की यादी सभेत मोठ्यानं वाचायची आणि कोणाची हरकत नसेल तरच अंगठे घ्यायचे.

त्या दिवशी सकाळी त्या गावातली एक विधवा म्हातारी दारात आली. नाल्याकाठचे तिचे दोन्ही मोह मी तिच्या दिराच्या नावावर लावले होते. त्या फुलांवरच तिचा उन्हाळा निघायचा, आणि फुलं पडायला महिनाही उरला नव्हता.

"बाई, मी जित्तीच आहो अजून," ती म्हणाली. "दीर म्हणते, कागदात तुहं नावच नाई."

"आजी, लाईट गेली ना त्या दिवशी, त्यानं झालं."

"लाईट तं आमच्या इथी रोजच जाते. म्हणून माहे मोह दिराकडं जाते का? वाचून काऊन नाई दाखवलं?"

आत माझा नवरा हसला. मी चहा ठेवायला उठले, कारण तिच्याकडे बघवत नव्हतं.

दुपारी दुरुस्तीवाल्याला फोन केला. बॅटरी चंद्रपूरहून यायला आठवडा लागेल म्हणाला. मागव म्हटलं. आठवडाभर थांबायला चांगलं निमित्त मिळालं, असंही मनात आलं, ते लपवत नाही.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी बॅटरीची वाट न पाहता वही घेऊन पहिल्या गाडीनं त्या गावी गेले. शाळेसमोर लोक जमल्यावर माझी यादी मोठ्यानं वाचली. आणखी तीन झाडं चुकलेली निघाली. चूक माझी आहे, लाईटची नाही, असं सांगितलं आणि पहिल्या घरापासून पुन्हा लिहायला बसले.