उंच आवाज आधी जातात

त्याला सगळे वैद्य म्हणायचे. एसी दुरुस्तीत तेहतीस वर्षं काढलेला माणूस, पण दाब मोजायचं गेज जोडायच्या आधी तो स्क्रू-ड्रायव्हरचं टोक कॉम्प्रेसरवर टेकवायचा, त्याची मूठ कानामागच्या हाडाला लावायचा आणि डोळे मिटून उभा राहायचा. वैद्य नाडी बघतो तसा. मग म्हणायचा, "दमलाय बिचारा," नाहीतर, "बेअरिंग कुरकुरतंय, अजून महिनाभर काढेल." आणि खरंच महिन्याभरानं त्या घरून फोन यायचा.

तेव्हा कंपनीचं एक वर्कशॉप होतं. सकाळी साडेआठला आठ-नऊ जण जमायचे. फळ्यावर खडूनं कामं लिहिलेली असायची, कोपऱ्यात चहा उकळत असायचा आणि काल कुणी कुठे काय घोळ घातला यावर एकमेकांची यथेच्छ खेचली जायची. वैद्याचा जोडीदार लंबू. एकोणीस वर्षं दोघांनी एकाच गाडीवरून हिंडून कामं केली. लंबूला शिडी कशाला लागते, हा वर्कशॉपमधला रोजचा विनोद होता आणि लंबू रोज नव्यानं चिडायचा.

मग कंपनीनं ती जागा सोडली. साहेबांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, "आता फोनवर अ‍ॅप असेल. काम त्यावर येईल, पत्ता त्यावर येईल. काम झालं की फोटो टाकायचा. घरूनच निघायचं, घरीच परतायचं."

"आणि जमायचं कुठं?" लंबूनं विचारलं.

"जमायचं कशाला?" साहेब म्हणाले. त्यांना खरोखरच प्रश्न कळला नव्हता.

दोन महिन्यांत लंबूनं दुसऱ्या गावी एका शीतगृहात नोकरी धरली. जाताना म्हणाला, "मला नाही बाबा त्या फोनचं ऐकून चालायला जमत. तू सांभाळ." वैद्यानं सांभाळलं. त्याची बायको जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. घरात बोलायला तसंही कुणी नव्हतं.

फोन शिकवला तो मुलीनं. एकुलती एक. आवाज लहानपणापासून बारीक, म्हणून तिला घरात चिमणी म्हणत. लग्न होऊन ती रात्रभराच्या प्रवासाइतकी लांब गेली होती. एकदा चार दिवस राहायला आली, तेव्हा तिनं बाबांच्या कामाची अ‍ॅप्स शोधून फोनवर एका ओळीत लावून दिली. एकात मशीनवर झळकलेला बिघाडाचा कोड टाकला की बिघाड कुठे ते कळायचं. एकात गॅस निवडून दाब लिहिला की तापमान समोर. वैद्य हरखून गेला. "अगं, हा तक्ता जन्मभर खिशात घेऊन हिंडलो मी. घामानं निम्मे आकडे पुसले, ते तोंडपाठ करावे लागले." एक अ‍ॅप आवाज मोजणारं होतं. मशीनजवळ फोन धरला की पडद्यावर रेषा उठायच्या, डावीकडे खर्जातल्या, उजवीकडे उंच. "हे मला कशाला?" तो म्हणाला. "माझे कान आहेत की."

त्याच मुक्कामात तिनं मुलाबाळांचा विषय काढला होता. वैद्य म्हणाला, "इतक्यात नको ग. आधी नोकरी पक्की होऊ दे. मूल काय, पळून जात नाही." तिनं फोन त्याच्या हातात दिला आणि ती आत गेली.

ती गेल्यावर सात-आठ महिन्यांनी एका घरी काम होतं. घरमालकीण म्हणाली, "अहो, बाहेरच्या मशीनमधून केवढी शिट्टी वाजतेय, डोकं उठलं माझं." वैद्य कान लावून बसला. शिट्टी काही येईना. त्याला वाटलं, बाई उगाच बोलतात. तरी सवयीनं त्यानं साबणाचा फेस करून जोडांवर लावला. व्हॉल्व्हपाशी भराभर बुडबुडे उठले. गॅस तिथून जोरात निघत होता, बाईंनी तर कानावर हात ठेवले होते, आणि तो बुडबुड्यांकडे नुसता बघत बसला होता.

त्यानं व्हॉल्व्ह बदलला, फोटो टाकला, आणि रस्त्यावर येऊन बराच वेळ गाडी सुरूच केली नाही.

तेहतीस वर्षं मशीनच्या शेजारी उभं राहून कानाचं जे व्हायचं ते झालं होतं. उंच आवाज आधी जातात. शिट्टी जाते, दारावरची घंटा जाते, बारीक आवाजाची माणसं जातात. खर्ज शिल्लक राहतो, त्यामुळे आपल्याला ऐकू येतंय असंच माणसाला वाटत राहतं. वैद्यानं हे कुणालाही सांगितलं नाही. ज्याला कानामुळे नाव मिळालं, त्यानं कुठल्या तोंडानं सांगायचं?

त्या दिवसापासून नको म्हटलेलं अ‍ॅप त्यानं उघडलं. बेअरिंग खराब असेल तर उजवीकडे एक टोकदार रेषा उठते, पंखा कुठे घासत असेल तर ठराविक अंतरानं उसळी येते, हे त्यानं हळूहळू शिकून घेतलं. जे ऐकायचं ते तो आता वाचू लागला. मग बोललेलं लिहून दाखवणारं एक अ‍ॅप त्याला सापडलं. गिऱ्हाइकाच्या घरी तो फोन टेबलावर ठेवायचा आणि म्हणायचा, "तक्रार सावकाश सांगा हं. नोंद ठेवावी लागते, कंपनीचा नियम आहे." असा नियम कुठेच नव्हता. लोक सांगायचे, तो वाचायचा. तक्रारी बहुतेक वेळा बरोबर उतरायच्या. एकदा मात्र 'पाणी गळतंय'चं 'राणी पळतेय' झालं होतं, आणि त्यावर हसायला बरोबर कोणी नाही, हे त्याच्या ध्यानात आलं.

एके दुपारी तो एका कार्यालयाच्या गच्चीवर होता. चौदा मशिनं एका ओळीत घरघरत होती. चिमणीचा फोन आला. त्यानं फोन कानाला घट्ट दाबला. तुटक तुटक दोनच शब्द पोचले. "बाळ... राहिलं."

वैद्यानं हातातला पाना खाली ठेवला. "अगं, काय सांगतेस! छान झालं! देव पावला बघ!"

पलीकडून काहीच आलं नाही, किंवा आलं असेल तर त्याला कळलं नाही. "ऐकतेस ना? मी गच्चीवर आहे ग, मशिनं चालू आहेत. नंतर बोलू. जप हं!" फोन केव्हाच बंद झाला होता.

संध्याकाळी त्यानं फोन केला नाही. फोनवर बोलणं म्हणजे त्याला परीक्षा वाटायची. त्यानं मेसेज लिहिला, 'तब्येत सांभाळ. जड उचलू नकोस. विश्रांती घे.' उत्तर आलं, 'हो.' पुढे तो दर चार दिवसांनी असंच काही लिहायचा आणि तिचं तसंच एका शब्दाचं उत्तर यायचं. त्याला वाटलं, अशा दिवसांत बायका थकतात. विचारायला बायको नव्हती.

पण त्या दिवसांत वैद्य सुखात होता, हे सांगायलाच हवं. जन्मभर दुसऱ्यांची घरं गार केली, स्वतःच्या घरात कधी एसी लावला नव्हता. आता त्यानं जुनं, टाकून दिलेलं एक यंत्र मिळवलं, पूर्ण उघडलं, पंखा धुतला, बेअरिंग बदललं, पाइपच्या खाली रबराचे तुकडे बसवले. लहान खोलीतल्या पलंगावर, तान्ह्या मुलाचं डोकं येईल त्या जागी फोन ठेवून तो आवाजाचा आकडा बघायचा. एकतीस आला. परत खोललं. एकोणतीस. रविवारचे रविवार गेले. सव्वीस आला तेव्हा त्यानं खोलीचा फोटो काढून चिमणीला पाठवला. 'लहान खोलीत एसी बसवला. आवाज अगदी कमी आहे. उन्हाळ्यात ये.'

तिचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. 'बरं.'

त्याच्या वाढदिवशी, एका रविवारी सकाळी, तिचा फोन आला. या वेळी वैद्यानं तयारी ठेवली होती. कंपनीनं नवीन फोन दिला होता, जुनाही होताच. जुना त्यानं टेबलावर ठेवून आवाज मोठा केला, नवा त्याच्या शेजारी ठेवून लिहून दाखवणारं अ‍ॅप सुरू केलं आणि चष्मा पुसून बसला.

अक्षरं उमटली. 'बाबा वाढदिवसाच्या शुभेच्छा.'

इतक्या दिवसांनी तिचं एक अख्खं वाक्य त्याच्यापर्यंत पोचलं होतं. "सुखी राहा ग. तुझी तब्येत कशी आहे? कितवा लागला आता? सहावा ना?"

मग अक्षरं आली. 'कितवा काय.'

"महिना ग!"

'बाबा तुम्ही काय बोलताय.' थोडं थांबून पुढची ओळ आली. 'बाळ नाही राहिलं म्हणून सांगितलं होतं मी तुम्हाला. दवाखान्यातून फोन केला होता. दिवस गेलेत हे आधी सांगायचा धीर झाला नव्हता.' आणि तिसरी. 'तुम्ही म्हणालात छान झालं.'

अ‍ॅप स्वल्पविराम देत नाही, आवाज चढला की पडला ते सांगत नाही. वैद्यानं त्या ओळी पुन्हा वाचल्या. एकच शब्द त्याच्या कानातून निसटला होता. त्या एका शब्दावर तो पाच महिने सुखात राहिला होता आणि त्याची मुलगी पाच महिने हे समजून होती की बाबांना नकोच होतं ते मूल.

"चिमणे," तो म्हणाला, "मला ऐकू येत नाही ग."

तो पडद्यावर आणखी वाकला.

"खरंच येत नाही. वर्ष होऊन गेलं. तू बोलतेस ते मी आत्ता वाचतोय. दोन फोन ठेवलेत समोर. त्या दिवशी मला फक्त बाळ राहिलं एवढंच ऐकू आलं. तू... तू रडतेस का? मला कळत नाही. हे अ‍ॅप रडणं लिहून दाखवत नाही."

अक्षरं आली. 'आईला माहीत होतं का.'

"तिच्या वेळी मलाच माहीत नव्हतं. ती सगळं ओरडूनच सांगायची."

पुढची ओळ आली. 'मी येते.'

ती एकटीच आली. चार दिवस राहिली. पहिल्या संध्याकाळी लहान खोलीच्या दारात उभी राहिली आणि तिनं एसी चालू केला. वाऱ्याची पातळ धार खिडकीचा पडदा हलवत होती. "काहीच आवाज नाही हो याला," ती म्हणाली. वैद्याला ते ऐकू गेलं नाही. तिनं वळून, त्याच्या तोंडाकडे बघत, सावकाश पुन्हा सांगितलं. मग पलंगावर बसून ती रडली. तो शेजारी बसला. तिच्या पाठीवर हात ठेवला की हुंदका हाताला कळत होता.

दुसऱ्या दिवशी तिनं त्याला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. काचेच्या खोलीत बसवून तपासणी झाली, मग डॉक्टरीणबाईंनी आलेख समोर ठेवला. समजावून सांगायला त्यांनी पेन उचललं, तेवढ्यात वैद्यच म्हणाला, "इथपर्यंत ठीक आहे. इथून पुढं सगळा उतार." डॉक्टरीणबाई चकित झाल्या. "तुम्हाला हे वाचता येतं?"

"रोज तेच करतो," तो म्हणाला. "मशीनचं असतं, एवढाच फरक."

कानात यंत्र बसवलं. चिमणी खुर्चीसमोर येऊन उभी राहिली. "बाबा, येतंय ऐकू?"

येत होतं. पण तो आवाज तिचा नव्हता. पत्र्यावरून आल्यासारखा, कडेकडेनं चिरलेला, दुसऱ्याच कुठल्या तरी बाईचा वाटत होता. ती मात्र इतक्या आशेनं बघत होती की तो म्हणाला, "येतंय. अगदी स्वच्छ." जाताना ती म्हणाली, हळूहळू सवय होते म्हणे. काही अंशी झालीही. शब्द आता निसटत नाहीत. महत्त्वाचं काही असलं की ती फोन करते आणि वर लिहूनही पाठवते. लहानपणचा तो बारीक आवाज मात्र त्याला पुन्हा ऐकू आला नाही, आणि हे त्यानं तिला कधी सांगितलंही नाही.

त्यानंतर एका सकाळी त्यानं आणखी एक गोष्ट केली. कंपनीच्या अ‍ॅपमध्ये मिस्त्रींचा एक गट होता. एकशे बारा माणसं, त्यातली शंभर त्यानं कधी पाहिलेली नव्हती. तिथे सुटे भाग आणि बिघाडाचे कोड याशिवाय कुणी काही लिहीत नसे. वैद्यानं लिहिलं, 'मला कानानं कमी ऐकू येतं. यंत्र लावलं आहे. आवाजाची रेषा दाखवणारं अ‍ॅप फार उपयोगी पडतं. मशिनांजवळ काम करताना कानात बोळे घाला, मी घातले नाहीत.'

गटात कुणीच उत्तर दिलं नाही. एकानं नुसता अंगठा दाखवला. पण दुपारपर्यंत तिघांचे वेगवेगळे, खाजगी मेसेज आले. पहिल्यानं अ‍ॅपचं नाव विचारलं. दुसऱ्यानं विचारलं, यंत्र लावल्यावर कंपनी कामावरून काढते का? तिसऱ्यानं लिहिलं होतं, 'माझंही तसंच आहे. घरी माहीत नाही. कुणाला बोलू नका.'

वैद्य एका औषधाच्या दुकानाबाहेर गाडीवर बसला होता. पहिल्याला नाव कळवलं, दुसऱ्याला लिहिलं, 'मला तरी काढलं नाही.' तिसऱ्याला काय लिहावं, यावर तो बराच वेळ अडला. 'नाही बोलणार' असं लिहिलं. मग त्याखाली, 'पण घरी सांगा' असं लिहून पाठवलं, अवजारांची पिशवी खांद्याला लावली आणि आत गेला. दुकानदार काही सांगू लागला तसं त्यानं हात वर करून त्याला थांबवलं.

"जरा माझ्याकडे बघून बोला," तो म्हणाला. "मला कमी ऐकू येतं."