चुन्याची डबी

जपानी बनावटीच्या त्या छोट्या गाडीला पुढे आमच्या भागात सगळेच लाडानं डबी म्हणू लागले. हे नाव कुणी पाडलं ते मला पक्कं माहीत आहे, कारण पाडलं तेव्हा गाडी माझी होती आणि मी तिच्या शेजारी उभा होतो.

मी मूळचा बैलांचा दलाल. सत्तरच्या दशकात पुलगाव, सेलू, आर्वी असे बाजार पायी आणि मिळेल त्या वाहनानं केले. शिक्षण सातवी. घरून एक कासरासुद्धा मिळाला नव्हता. बैलांवरून मी जुन्या ट्रॅक्टरवर आलो, तिथून जीपवर आणि मग मोटारींवर. भाव करण्यात मला हरवणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. ही बढाई नाही. बढाई मारणाऱ्याला भाव करताच येत नाही.

वर्धेच्या एका चौकात एक गॅरेज होतं. संध्याकाळी गाडीचा नाद असलेले लोक तिथे जमत. ज्याच्याकडे गाडी होती तो येई, आणि ज्याच्याकडे नव्हती तो तर आधी येई. तिथे प्रत्येक गाडीला नाव होतं. अँबॅसिडर ही हत्तीण. जीप ही घोडी. तीन चाकांचा टेम्पो म्हणजे डुक्कर. नाव ठेवण्याचा मान सेलूकडच्या एका पाटलांचा. त्यांच्या दारात एक हत्तीण आणि एक घोडी होती, म्हणून त्यांचा शब्द शेवटचा.

गाडी पारखायची त्यांची रीत बैलबाजारातली होती. बैलाच्या पुठ्ठ्यावर थाप मारतात तशी ते बॉनेटवर थाप मारत. मग दार उघडून जोरात लावत आणि कान देत. ‘धप्प’ असा जड आवाज आला की गाडी पास. त्या आवाजावर मीही कितीतरी गाड्या विकल्या, त्यामुळे रीतीला मी नाव ठेवत नाही.

ऐंशीचं दशक अर्ध्यावर आलं असेल. बदली होऊन निघालेल्या एका साहेबाकडून मी ती पांढरी जपानी गाडी उचलली. मोठ्या शहरांतून लोक तिच्यासाठी नंबर लावून बसले होते. वर्धेत मात्र ती अजून नवल होती. मी ती चौकात आणून उभी केली. पाटील उठले. त्यांनी दार उघडलं आणि लावलं.

टिक्.

त्यांनी पुन्हा लावलं. पुन्हा टिक्. मग त्यांनी खिशातून चुन्याची डबी काढली, माझ्या कानाजवळ धरली, उघडली आणि मिटली. तीही टिक् वाजली.

“आयकलं?” ते म्हणाले. “हे गाडी नाई. हे चुन्याची डबी हाय.”

सगळा चौक हसला.

“जपानची आहे,” मी म्हणालो.

“जपानची तं माह्याकडे छत्रीबी होती गा. एका वाऱ्यात उलटी झाली.”

“सेल किती टाका लागते हिच्यात?” दुसऱ्यानं विचारलं.

“म्हैस आडवी आली तं म्हशीले काई होत नाई,” तिसरा म्हणाला. “डबीचा पापड होते.”

गॅरेजचा मिस्त्री माझ्या रोजच्या बसण्यातला, पण तोही म्हणाला, “हिले पाना नाई चालत. बायकोचा चिमटा आणा लागन.”

जपानी माणसं बुटकी म्हणून गाडी बुटकी, असंही एकानं सांगितलं. आश्रमाकडे डफ वाजवत जाणारे जपानी बौद्ध भिक्षू त्यानंही वर्धेच्या रस्त्यावर पाहिले होते आणि त्यातला एक त्याच्याहून वीतभर उंच होता, हे मी त्याला तिथल्या तिथे ऐकवलं. पण हसणाऱ्यांना मोजमाप नको असतं.

शेवटी पाटील माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “नागपूरले ने. तिथं शिकलेले लोक हायेत. ते काईबी घेते.”

तो हात मला सहन झाला नाही. माझ्या हातातला चहाचा कप मी जमिनीवर आपटला. “हे गाडी मी याच चौकात विकीन,” मी म्हणालो. “कापूस संपायच्या आत. नाई विकली तं परत बैलबाजारात कासरा धरून उभा राहीन, तुमीच पाहाले या.”

नागपुरात ती एका दिवसात गेली असती, हे मला कळत होतं. पण प्रश्न गाडीचा राहिलाच नव्हता. ज्या चौकात मी बैलवाल्याचा गाडीवाला झालो, तिथे माझी पारख खोटी ठरली असती, तर पुढे माझ्या शब्दावर कुणी जुनी जीपही घेतली नसती.

कापसाचे दिवस चालू होते. जिनिंगच्या रस्त्याला कापसानं भरलेल्या बैलगाड्यांच्या, आमच्याकडच्या बंड्यांच्या, रांगा लागत. शेतकऱ्याच्या हाती पैसा येण्याचा हाच काळ. गिऱ्हाईक येई, गाडीभोवती फिरे, आत वाकून बघे, आणि तेवढ्यात बाकावरून कुणीतरी हळूच म्हणे, “डबी पाहून राह्यले का?” संपलं. माणूस गाडी विकत घेतो, थट्टा विकत घेत नाही. रांगा रोज आखूड होत गेल्या आणि पाटील रोज माझ्याकडे बघून विचारत, “कासरा घेतला का नवा?”

रांगेत पाच-सहाच बंड्या उरल्या होत्या त्या दिवशी रोहण्याचा एक शेतकरी बायकोला घेऊन आला. त्याला मी पूर्वी दोन बैलजोड्या दिल्या होत्या. आता त्याला जीप हवी होती. जीप दाखवली. बायकोनं एक पाय वर ठेवला आणि खाली घेतला.

“गुडघे धरते माहे,” ती म्हणाली. “ह्या घोडीवर मी नाई चढत.”

मग तिची नजर पांढऱ्या गाडीवर गेली. मी दार उघडलं. ती खुर्चीत बसावं तशी बसली आणि एका हातानं दार लावलं. टिक्. “किती सोपं हाय वो,” ती नवऱ्याला म्हणाली. मी पलीकडून बसून गाडी सुरू केली, हँडब्रेक ओढला आणि नवऱ्याशी बोलायला उतरलो.

बाकावरून पाटील उठलेच. ते दुसऱ्या दारानं चालकाच्या जागेवर येऊन बसले.

“काकू, उतरा,” ते म्हणाले. “पाहा, उभ्या उभ्या बंद पडली. डबीच हाय ना.” आणि त्यांनी किल्ली फिरवली.

कर्रर्र असा जो आवाज आला तो चौकातल्या प्रत्येकानं ओळखला. चालू इंजिनाला सेल्फ मारल्यावर दात दातांवर घासले जातात, तो आवाज. शिकाऊ पोर सोडलं तर आमच्यात कुणाच्या हातून असं होत नसे, कारण आमच्या हत्तिणी आणि घोड्या चालू असल्या की अख्ख्या हलत. गाडी हलत नाही म्हणजे बंद, हे आमचं सगळ्यांचं गणित होतं.

“चालूच होती न ते, भाऊ,” बाई म्हणाली. “मले पायाले थरथर लागून राह्यली होती.”

मिस्त्री बाकावरून म्हणाला, “पाटील, चालू गाडीले सेल्फ काऊन मारून राह्यले बाप्पा?”

या वेळी चौक हसला तो माझ्यावर नाही. मी हसलो नाही. सौदा व्हायचा असताना मी हसत नाही.

रोहणेकरानं खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि हात पुढे केला. बैलबाजारात आम्ही दुपट्ट्याखाली एकमेकांची बोटं दाबून भाव करतो, आजूबाजूच्यांना एक अक्षर कळत नाही. मोटारीच्या धंद्यात मी ही रीत सोडली होती. त्या दिवशी भर चौकात दुपट्टा पसरला. पाटील अगदी जवळ उभे राहून आमचे चेहरे वाचत होते. माझ्या चेहऱ्यावर त्यांना काय मिळणार? त्यानं बोट दाबलं, मी झटकलं, त्यानं पुन्हा दाबलं, मी पंजा उलटा केला. बायको गाडीतच बसून होती, ती काही उतरायला तयार नव्हती. हे मला दिसत होतं आणि त्यालाही. हात सुटले तेव्हा गाडी विकली गेली होती. रांगेत तेव्हा दोन बंड्या शिल्लक होत्या.

पाटील एवढंच म्हणाले, “नशीब लागते.”

हे मी विसरलेलो नाही. चूक झाली म्हणायला त्यांचं काय जात होतं? दोन-तीन वर्षांनी त्यांनी स्वतः तशीच गाडी घेतली, तीही पांढरी, आणि नागपूरहून. माझ्या दारात थांबवून त्यांनी दार उघडलं आणि लावलं.

“आयक, किती मऊ आवाज हाय. डबी म्हंजे डबी.” जणू गाडी त्यांनीच शोधून काढली होती. मग सहज विचारल्यासारखं म्हणाले, “तुही ते केवढ्याले गेलती गा?”

“दुपट्टा आणा,” मी म्हणालो, “सांगतो.”

ते सफारी घालून आले होते. त्यांनी खिसे चाचपले. खिशात फक्त चुन्याची डबी होती. तो भाव वर्धेत अजून कुणाला माहीत नाही.