एरंडेल चोळलेलं शास्त्र
सून तुरीच्या डाळीला एरंडेल चोळायला बसली की त्या वासानं मी अजूनही दचकते. स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली होती, मी दहाची असेन. दर रविवारी वडिलांबरोबर बैलगाडीनं एरंडोलजवळच्या एका खेड्यात उपासनेला जायचे. तिथं चार-पाच ख्रिस्ती घरं, वाचता कुणालाच येत नसे, म्हणून वडीलच वाचून दाखवायचे, आणि पवित्र शास्त्राची, म्हणजे बायबलची, प्रत एकच. ती एका म्हाताऱ्या अक्कांच्या कोठीत, धान्याशेजारी, लाल फडक्यात बांधलेली असायची. त्या दिवशी वडिलांनी फडकं सोडलं आणि त्यांचा हातच थांबला. पानं काचेसारखी आरपार दिसत होती, पुढच्या-मागच्या ओळी एकमेकींत शिरून नुसती काळी जाळी झाली होती. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत! अक्का कौतुकानं म्हणाल्या, "भाऊ, दायले लावतस तसं बठ्ठा पानेसले तेल लायं. आते कीड लागाव नही." डाळीसारखंच त्यांनी प्रत्येक पानाला एरंडेल चोळलं होतं. "आता वाचायचं कसं?" असं माझ्या तोंडून निघणार, तोच वडिलांनी माझा हात घट्ट दाबला. मग पुस्तक डोळ्यांसमोर धरून ते चक्क वाचू लागले. हरवलेल्या मेंढराचा दाखला, येशूनं सांगितलेली ती गोष्ट, त्यांना शब्दन्‌शब्द पाठ होता. मधेच बोट ओलं करून त्यांनी पानही उलटलं. एवढ्याशा खोट्यासाठी मला छडी मारणारे माझे वडील! मी आ वासून बघतच राहिले. अक्का होत्या तोवर ते दर रविवारी त्यातूनच वाचत राहिले. आता ते पुस्तक माझ्या कपाटात आहे. त्याला एकही कीड लागलेली नाही, आणि त्यातली एकही ओळ वाचता येत नाही.