सासूबाईंची व्हॅन भंगारात जात नाही

माझ्या सासूबाई मोटारींच्या वायरिंगच्या मिस्त्री. "बाई असूनसुद्धा" असं कौतुक कुणी सुरू केलं की माझं डोकं फिरतं. तीस वर्षं त्यांनी दुसऱ्याच्या गॅरेजात घासली. ते बंद पडलं तेव्हा एक जुनी व्हॅन घेतली आणि तिच्यातच दुकान थाटलं. ज्याची गाडी अडेल त्याच्या दारात जायचं.

ह्यांना, म्हणजे त्यांच्या चिरंजीवांना, ते पटत नव्हतं. "आई, वय झालं तुझं. बस आता घरी." त्यात व्हॅनचा अल्टरनेटर जळाला. इंजिन चालू असताना बॅटरी भरणारं यंत्रच गेलं म्हटल्यावर ह्यांना आयतं निमित्त मिळालं. ह्यांनी भंगारवाल्याला रविवारची अकराची वेळ देऊनही टाकली. व्हॅन गेली की आईचं काम संपलं, हे न कळायला हे काही दूधखुळे नाहीत.

सासूबाई एवढंच म्हणाल्या, "अकराच्या आत चार्जिंग झालं नाही तर खुशाल ने."

रविवारी सकाळी त्यांनी आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडली. जळालेल्याच्या जागी मिळालेला अल्टरनेटर नव्या धाटणीचा होता, व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर त्याच्या पोटातच. म्हणून मडगार्डवरची रेग्युलेटरची जुनी डबी काढून टाकली. जाड वायर बॅटरीकडे नेली आणि बारीक वायर डॅशबोर्डवरच्या चार्जिंगच्या दिव्याकडे. मी टॉर्च धरून उभी होते. चार वर्षं तेच करतेय, आता कुठली वायर कुठे जाणार ते मला आधीच कळतं. पट्टा ताणला, बॅटरी जोडली, इंजिन सुरू केलं. मीटरवर चौदा व्होल्ट यायला हवे होते, पण तो बारावरच अडून बसला.

भंगारवाला साडेदहालाच हजर. त्याने टायरला लाथ मारून पाहिली.

"झालं ना समाधान, आई?" हे म्हणाले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

सासूबाई इंजिन बंद करून डॅशबोर्डकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "चूक माझीच आहे. गेल्या महिन्यात तो लाल दिवा सारखा पेटायला लागला. तुला दिसू नये म्हणून मी बल्बच काढून टाकला. जुन्या अल्टरनेटरचं त्यावाचून भागलं. ह्या नव्याला त्या बल्बातून करंट मिळाल्याशिवाय जाग येत नाही."

"म्हणजे माझ्यापासून लपवलंस?"

"लपवलं. तू निमित्तच शोधत होतास."

सासूबाईंनी हत्यारांच्या पेटीतून तो बल्ब काढून माझ्या हातात ठेवला. "माझी बोटं आता तिथवर जात नाहीत. तू लाव."

मी डॅशबोर्डच्या मागे हात घातला. मनगट खरचटलं, पण बल्ब बसला. किल्ली फिरवली तसा दिवा पेटला, इंजिन सुरू झालं तसा विझला. मीटर चौदावर गेला. भंगारवाला चालता झाला.

"आणि तुझे हात पुरते थकले की?" ह्यांनी विचारलं. आवाज उतरला होता.

"थकू देत," म्हणत सासूबाई स्टिअरिंगवर बसल्या. कुणाचा तरी टेम्पो सकाळपासून खोळंबला होता.

मी टॉर्च घेऊन त्यांच्या शेजारच्या सीटवर चढले.

"तू कुठे निघालीस?" हे म्हणाले.

"कामाला," मी म्हटलं आणि दार ओढून घेतलं.