राक्षसाच्या पाठीवरची चेन

अद्भुतपटांच्या महोत्सवात लघुपटांची स्पर्धा चालू होती. पडद्यावरचा राक्षस वळला आणि त्याच्या पाठीवरची पांढरी चेन दिसली. मला एकदम हसू फुटलं, तेही मोठ्यानं. माझ्या पाठोपाठ अख्खं सभागृह हसलं. अंधारात हसणाऱ्याला चेहरा नसतो, म्हणून माणूस किती सैल हसतो! उजेडात मी ओठ आवळून बसलो असतो.

दिवे लागले तेव्हा पुढच्या रांगेतल्या एक बाई मागे वळल्या. त्यांच्या दोन बोटांना पट्ट्या गुंडाळल्या होत्या.

"पोरीच्या सिनेमातला राक्षस मीच शिवलाय. चेन दिसली का हो?"

"छे, अजिबात नाही," मी घाईनं म्हणालो.

त्यांचा चेहरा खुलला, आणि लगेच पुन्हा उतरला.

"मग सगळे हसले कशाला?"