आत ठेवलेली पंधरा मिनिटं

माझ्या आईशी बोलायचं असेल तर आधी तिच्या तोंडात टाचण्या आहेत की नाहीत ते बघावं लागतं. टाचण्या असल्या की ती ओठ मिटूनच बोलते आणि ज्या अक्षरांना ओठ लागतात ती सगळी वाटेत गळतात. "पुढचं पान काढ" याचं "उढचं आन काढ" होतं. चार वर्षं मी या भाषेत शिकले आहे. आता मला ती इतकी चोख येते, की एकदा एक गिऱ्हाईक पडद्याबाहेरून म्हणालं, "ताई, आधी टाचण्या काढा आणि मग सांगा, पँट कधी मिळेल?" आत मी एकटीच होते.

आई कपडे शिवते. नवे कमी, जुने जास्त. कुणाची कंबर वाढलेली असते, कुणाची बाही लांब होते. दुकान दीड खोलीचं. पुढच्या अर्ध्या खोलीत काउंटर आणि मशीन, मागच्या खोलीत कापायचं लांब टेबल. त्या टेबलाचं खिडकीकडचं टोक म्हणजे माझी शाळा.

आधी मला खरीखुरी शाळा होती. पण आठवीच्या शेवटी कुणीतरी कार्यालयातला माईक चालू ठेवला, आणि माझ्याच्यानं राहवलं नाही. हेडमास्तरांच्या खर्जातल्या आवाजात मी जाहीर केलं, "आज... अर्धी... सुट्टी." पाच मिनिटांत साडेसहाशे मुलं फाटकाबाहेर. दोन शिक्षकही गेले, त्यातले एक तर पळत. हेडमास्तरांनी आईला बोलावून सांगितलं, "तुमच्या मुलीला आमच्या शाळेत जागा नाही." आई गळ्यात टेप घेऊनच गेली होती. म्हणाली, "बरं. माझ्या दुकानात आहे."

बाहेर आल्यावर मात्र तिनं माझा कान असा पिळला, की तो अजून दुसऱ्यापेक्षा जरा मोठा दिसतो.

मग सुरू झाली घरशाळा. घरी शिकणाऱ्या मुलांसाठी एक कचेरी असते, ती नियमांचं पुस्तक देते. चार वर्षांत बावीस क्रेडिट. एक क्रेडिट म्हणजे एकशेवीस तासांचा अभ्यास. विज्ञानाची तीन हवीतच, गणिताची तीन, भाषेची चार, असं करत करत बावीस. बाबांनी पुस्तक उलटसुलट करून पाहिलं आणि हात टेकले. आईनं ते एकदा वाचलं, खडू उचलला आणि म्हणाली, "कापड केवढं आहे ते कळलं. आता कापायचं."

तिनं जाड कापडाची एक लांब पट्टी घेतली आणि तिच्यावर बावीस खुणा केल्या. प्रत्येक विषयाचा रंग वेगळा. एकशेवीस तास बसून झाले, की त्या खुणेवर एक बटण टाकायचं. विज्ञानाची बटणं निळी, गणिताची काळी, इतिहासाची एका म्हाताऱ्या कोटाची पितळी. पहिल्या वर्षी काय जड, काय हलकं, कुठला विषय कशाच्या आधी, सगळं तिनं त्या पट्टीवर मांडलं. "गणिताची दोन बटणं झाल्याशिवाय विज्ञानाचं तिसरं नाही. अस्तर आधी, बाहेरचं कापड नंतर."

मावशीचा फोन दर रविवारी. मावशी आईची थोरली बहीण, आणि तिचं पहिलं वाक्य ठरलेलं. "मी काही बोलत नाही हं." त्यानंतर अर्धा तास ती एकटीच बोलते. "मी काही बोलत नाही हं, पण पोरगी बटणं मोजून शिकणार का? उद्या तिला विचारलं, शिक्षण किती, तर काय सांगेल, दोन शर्ट आणि एक कोट?" आई फोन खांद्यात धरून काजं करायची आणि अधूनमधून "हं" म्हणायची. फोन ठेवला की मी अख्खी मावशी पुन्हा करून दाखवायचे. तेव्हा मात्र आई हसायची.

आता ते पंधरा मिनिटांचं सांगते, कारण सगळं रामायण त्यानंच घडवलं.

रोज बारा वाजता आई कच्च्या वहीत पेन्सिलीनं लिहायची: तारीख, विषय, दहा ते बारा, आणि खाली सही. संध्याकाळी तीच नोंद पक्क्या वहीत जायची, तेव्हा मात्र दोन तासांचे पावणेदोन व्हायचे. मी भांडले. "आई, मी पूर्ण दोन तास बसले होते!"

"बसली होतीस. त्यात पाणी प्यायलीस, खिडकीतून कबुतरं बघितलीस आणि टपालवाल्याची नक्कल केलीस. पंधरा मिनिटं मार्जिन. आत दुमडून ठेवायची. उद्या कुणी खेचून पाहिलं तरी शिवण उसवता कामा नये."

आई कुठल्याही कपड्यात मार्जिन ठेवते, बोटभर जास्तच. ते बाहेरून दिसत नाही, पण माणूस सुटला की उसवून देता येतं. तिचं गिऱ्हाईक त्यासाठीच तिच्याकडे येतं. पक्की वही लिहून झाली, की कच्च्या वहीची पानं सुटी करून ती एकमेकांना चिकटवायची आणि त्यातून गिऱ्हाइकांच्या मापाचे कागद कापायची. माझं अख्खं शिक्षण खुंट्यांवर बाह्या आणि कॉलर होऊन लटकत होतं.

आणि मला पुढे काय करायचं होतं? कान तपासायचे होते. बाबा बाटल्या भरण्याच्या कारखान्यात आहेत. वीस वर्षं खणखणाट ऐकून त्यांचे कान वरच्या पट्टीला बंद झालेत. माझा स्वतःचा आवाज त्यांना नीट ऐकू येत नाही. हेडमास्तरांचा येतो. म्हणून घरात मी त्यांच्याशी हेडमास्तर होऊन बोलते. "बाबा, चहा घेणार का?" असं खर्जात विचारते आणि ते खूश होऊन "हो सर" म्हणतात. तर कान तपासणाऱ्या तंत्रज्ञांचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो, तिथं माझी निवड झाली होती. फक्त बावीस क्रेडिटचा दाखला हवा होता, आणि शेवटच्या तारखेचा शिक्का चालणार होता. आम्ही बरोबर शेवटच्याच तारखेला गेलो, कारण आदल्या आठवड्यात आईकडे एका गायनमंडळाचे चौतीस कोट आले होते.

कचेरीतल्या बाईंना मी मनातल्या मनात नियमबाई नाव ठेवलं. जुन्या काळच्या बायका "हे म्हणतात" म्हणायच्या, तशा त्या "नियम म्हणतो" म्हणायच्या. नाकातला आवाज, आणि दर वाक्यानंतर एक छोटा कोरडा खोकला, पूर्णविरामासारखा. ऐकताक्षणी माझी जीभ शिवशिवायला लागली.

आईनं बावीस बटणांची पट्टी अभिमानानं टेबलावर पसरली. बाईंनी ती दोन बोटांनी बाजूला सारली आणि पक्की वही ओढली. इतिहास बरोबर, भाषा बरोबर, गणितही बरोबर. त्या विषयांना मी इतकी जादा बसले होते की कापूनही उरलं. मग विज्ञान.

"तीनशे पंधरा तास. नियम म्हणतो, तीनशे साठ." खोकला.

"तीनशे साठच आहेत," आई म्हणाली. "एकशेऐंशी दिवस, दोन-दोन तास. तिसरं बटण मी उगाच लावलं नाही."

"इथं पावणेदोन लिहिलंय."

"हो, ते मार्जिन कापून. आत आहे ना ते!"

"आत म्हणजे कुठे?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. ती खरोखर गोंधळली होती. चार वर्षं तिला वाटत होतं, की जी बाई तास मोजायला बसली आहे, तिला मार्जिन नक्की दिसेल. कोट हातात घेतल्यावर कुठल्याही शिंप्याला दिसतं. पक्क्या वहीची बेरीज तिनं कधी केलीच नव्हती, ती बटणं मोजत होती.

"जास्त लिहिणारे पालक मी रोज बघते," बाई म्हणाल्या. "कमी लिहिणारे पहिल्यांदाच. पण नियम म्हणतो, त्या त्या दिवशीची नोंद पाहिजे. सहीसकट. आहे?"

"आहे," आई म्हणाली. "खुंटीवर आहे."

दुकानात आम्ही सगळ्या खुंट्या रिकाम्या केल्या. आई कागद ओळखत होती गिऱ्हाइकांवरून, मी ओळखत होते विषयांवरून. "बँकेतल्या साहेबांची पाठ घे!" "त्यात भूगोल आहे, आई!" "मग उंच डॉक्टरांची डावी बाही?" "विज्ञान! अख्खी बाही विज्ञान!" आई भराभर कागद काढत होती. मध्येच थांबून म्हणाली, "पोरी, तुझं मीच कापलं गं." तेव्हा तोंडात एकही टाचणी नव्हती, तरी आवाज तसाच दबलेला आला. त्याची नक्कल मी आजवर केलेली नाही.

अडीच वाजता आम्ही कचेरीत परत, काखेत कागदी माणसांचं गाठोडं. नियमबाईंनी चष्मा पुसला. मग डॉक्टरांची बाही उजेडाकडे धरली आणि वाचायला लागल्या. "चौदा तारीख, विज्ञान, दहा ते बारा, सही. पंधरा तारीख... ही कोपरात वळते." कॉलर गोल फिरवून वाचली. एका पँटचा पाय त्यांनी टेबलावरून खाली सोडला आणि वाकून वाचला. तीन वाजायच्या सुमारास त्या ताठ झाल्या.

"एकशेबाहत्तर दिवस सापडले. त्रेचाळीस तास वाढले. तीनशे अठ्ठावन्न. आठ दिवस नाहीत."

आई पटकन म्हणाली, "ढेरीवाल्या काकांचं जाकीट! ते गाव सोडून गेले, मापाचे कागद घेऊन गेले. त्यांच्या पोटाला आठ पानं लागतात."

बाई हसल्या नाहीत. "दोन तास कमी आहेत. नियम म्हणतो, दाखल्याच्या दिवसापर्यंतचा अभ्यास धरता येतो." खोकला. मग घड्याळाकडे बघत म्हणाल्या, "आता तीन वाजलेत. कचेरी पाचला बंद होते."

आईला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. तिनं पिशवीतून लोकरी कापडाचा तुकडा काढला, त्याला खडूनं चौकोन आखला, बाईंची चहाची किटली मागून घेतली आणि गरम पाण्यात तुकडा चोळायला सुरुवात केली. लोकर का आटते, सुती का कमी आटतं, केसावरचे खवले एकमेकांत कसे अडकतात, वाफेनं काय सैल होतं, एकेक सांगायला लागली. मी मोजत होते, लिहीत होते. कोपऱ्यातल्या टेबलावरून बाई मध्येच म्हणाल्या, "म्हणजे माझा स्वेटर गेला तो यामुळे?" आई म्हणाली, "चोळलात ना? चोळायचा नसतो."

मग चारच्या सुमारास बाई किटली पुन्हा भरायला गेल्या, आणि चार वर्षं जे होत आलं तेच झालं. मी त्यांची खुर्ची पुढे ओढली, नाकात आवाज घेतला. "नियम म्हणतो, लोकरीनं आटू नये. आटल्यास सहीसकट आटावं." खोकला. आईनं तोंडावर हात दाबला. "गप बस." मी डॉक्टरांची बाही उचलली. "साहेब, तुमच्या कोपरात विज्ञान दुखतंय?" आई टेबलावर डोकं टेकून हसायला लागली. तिचं हसणं थांबेना, म्हणून माझंही थांबेना. सकाळपासूनचं सगळं तिच्या डोळ्यांतून वाहत होतं.

पाच वाजता बाईंनी पेन उचललं. "तीन ते पाच. दोन तास. झालं."

"पावणेदोन लिहा," आई म्हणाली.

मी तिच्या पायावर पाय दिला. तिनं तो सरळ बाजूला केला.

"मधली पंधरा मिनिटं ही नक्कल करत होती. आणि मी हसत होते."

"कुणाची?"

"तुमची."

बाहेर कुणीतरी खिडक्या लावत होतं. बाईंनी पेन खाली ठेवलं. "कर बघू."

मी केली. खोकल्यासकट. नियमबाईंच्या ओठाचं एक टोक हललं, मग दुसरं, मग त्यांनी रुमाल काढला आणि बराच वेळ नाक पुसलं. "आवाज हाही विज्ञानाचाच भाग आहे," त्या म्हणाल्या. "धरते मी ती पंधरा मिनिटं."

"नका धरू. ती विज्ञान करत नव्हती, वात्रटपणा करत होती. मी आई आहे तिची, मला फरक कळतो."

 बाईंनी कचेरी बंद करायला काढलेला किल्ल्यांचा जुडगा परत खणात टाकला आणि घड्याळ टेबलावर आमच्याकडे वळवून ठेवलं. पाच वाजून पाच मिनिटं झाली होती. "बसा मग," म्हणाल्या. "वीसपर्यंत."

आईनं तुकडा इस्त्रीसारखा हातानं दाबला आणि ओला असताना किती, दाबल्यावर किती, हे मोजायला लावलं. मी एकदाही मान वर केली नाही. कबुतरं होती बाहेर, दोन होती, पण मी पाहिली नाहीत. शेवटचं माप लिहिलं तेव्हा बाईंनी वहीत पाव तास जोडला, तीनशे साठ केले, दाखला ओढला आणि शिक्का शाईवर टेकवून उचलला.

"थांबा," आई म्हणाली. "अजून एक मिनिट आहे."

शिक्का हवेत तसाच राहिला, आणि आम्ही तिघी घड्याळाकडे बघत बसलो.