नेलपॉलिशचे सहा ठिपके

अण्णा बॉनेट उघडायचे, ऑइलची पट्टी बाहेर ओढायचे, तिच्या टोकाचं ऑइल दोन बोटांत चोळून नाकाशी न्यायचे आणि मग इंजिनाकडे न बघता मालकाकडे बघायचे. "कोण हात लावला ह्याला?" हा त्यांचा पहिला प्रश्न. नमस्कार, नाव, गाव हे सगळं त्यानंतर. तुम्ही गाडी कितीही जिवापाड सांभाळत असलात तरी त्या नजरेपुढे आपण काहीतरी लपवतोय असं वाटायला लागायचं.

चामराजपेटेत पिठाच्या गिरणीमागे त्यांची पत्र्याची शेड होती. जुन्या, जोरकस इंजिनांच्या जर्मन गाड्या, एवढंच काम ते घेत. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी बंगळुरात आलेलं. घरात मराठी, पण तिच्यात कन्नड इतकं मुरलेलं की पहिल्या भेटीत मी निम्मं बोलणं अंदाजानेच समजून घेतलं. मी नाशिकची, नोकरीसाठी व्हाइटफील्डला आलेली. बावीस वर्षं जुनी, सहा सिलिंडरची, हाताने गिअर टाकायची जर्मन सेडान मी हट्टाने घेतली होती. घरात ती कुणालाच पसंत नव्हती. अशा गाड्यांच्या मालकांचा फोनवर एक ग्रुप आहे. तिथे कुणीतरी अण्णांचा पत्ता दिला आणि "मराठी बोलतात" असंही लिहिलं. मी हरखले. बाबांना फोनवर सांगितलं, तर ते म्हणाले, "आपल्या भाषेत बोलतो म्हणून भाळू नकोस."

भाळण्यासारखं काही नव्हतंच. अण्णा सगळ्या जगाकडे संशयाने बघत. पेट्रोलपंपांवर त्यांचा विश्वास नव्हता, कुरियरवाल्यांवर नव्हता आणि आधीच्या मेकॅनिकवर तर नव्हताच, मग तो कुणीही असो. मदतीला माणूस ठेवला नव्हता, कारण माणूस ठेवला की त्याच्यावर लक्ष ठेवायला दुसरा ठेवावा लागतो, असं त्यांचं म्हणणं. आवळलेल्या प्रत्येक बोल्टवर ते पिवळ्या रंगाची रेघ ओढत, अर्धी बोल्टवर आणि अर्धी खालच्या धातूवर. मागाहून कुणी पाना लावला तर रेघ जुळायची नाही. म्हणजे चोर सापडला.

एकदा माझ्या गाडीत कुठूनतरी खुळखुळ ऐकू येत होती. अण्णा शेजारी बसले, मला गाडी चालवायला लावली आणि आधी माझ्या बांगड्या काढायला सांगितल्या. मग किल्ल्यांचा जुडगा मागितला, मग कानातले. "तुमचा आवाज वेगळा, गाडीचा वेगळा. स्वल्प थांबा," म्हणाले आणि डोळे मिटून ऐकत राहिले. शेवटी डिकीतून आईने दिलेला लाडवांचा डबा निघाला. त्यांनी झाकण उघडून लाडूसुद्धा हुंगला आणि मगच खाल्ला.

हे सगळं मी मजेत घेतलं असतं. पण एक गोष्ट मला खटकायची. काम सुरू झालं की मालकाला शेडमध्ये थारा नाही. "कॉफी घेऊन या अक्का," म्हणत ते पत्र्याचं दार आतून ओढून घ्यायचे. मागे एक गिऱ्हाईक उघड्या इंजिनावर वाकून फोटो काढत होतं आणि त्याच्या खिशातलं पेन आत पडलं, तेव्हापासून हा नियम, असं सांगत. मला ते कारण पटलं नाही. ग्रुपवर रोज नवी कहाणी यायची. कुणाचे मूळ जर्मन भाग काढून नकली बसवले, कुणाचा अख्खा गिअरबॉक्स बदलला. बंद दाराआड माझ्या गाडीचं काय होत असेल, या विचाराने कॉफी कडू लागायची.

पुढे इंजिनाच्या वरच्या झाकणातून ऑइल झिरपायला लागलं. अण्णा म्हणाले, महिनाभर गाडी ठेवा. गाडी द्यायच्या आदल्या दिवशी मी आमच्या इमारतीच्या तळघरात गेले, वरचं आवरण काढलं आणि सहाही इग्निशन कॉइल एकेक करून उपसल्या. स्पार्क प्लगला ठिणगी देणारे हे भाग, मूळ जर्मन, आणि सहज विकले जाणारे. प्रत्येकीच्या कडेला लाल नेलपॉलिशचा बारीक ठिपका दिला. फोटो काढले. कॉइल परत बसवल्या आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन वर आले.

महिन्याने गाडी आणली. इंजिन इतकं मऊ चालत होतं की सिग्नलला बंद पडलं की काय असं वाटलं. घरी पोहोचताच तळघरातच आवरण काढलं आणि पहिली कॉइल उपसली. ठिपका नव्हता. दुसरीवर नव्हता. सहाही कॉइल लख्ख होत्या आणि एकीवरही माझी खूण नव्हती.

मी अण्णांना फोन केला नाही. विचारलंच नाही. तिथेच उभ्या उभ्या ग्रुपवर लिहिलं, "चामराजपेटेतल्या मराठी मेकॅनिककडे भाग बदलले जातात. माझ्याकडे पुरावा आहे. सावध राहा." नाव लिहिलं नाही, याचंही मी मनात स्वतःला श्रेय दिलं. चामराजपेटेत असा माणूस एकच होता.

त्या वेळी शेडमध्ये एका डॉक्टरांची दोन दारांची जुनी कूपे उभी होती. दोन वर्षं अण्णा तिच्यावर काम करत होते. गंजलेला पत्रा कापून नवा जोडला होता, इंजिनाचा खिळा न् खिळा मोकळा करून पुन्हा बांधला होता. मी माझी गाडी न्यायला गेले तेव्हा अण्णा मला म्हणाले होते, "ह्या महिन्यात ती बोलणार, अक्का. दहा वर्षं मुकी आहे." ते कुणाबद्दल इतकं हळवं बोलू शकतात हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. माझा संदेश वाचून तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी ट्रक पाठवला आणि कूपे उचलून नेली.

आठवडाभराने मी घरी नखांचा रंग काढत बसले होते. कापसावर रिमूव्हर ओतलं आणि त्याचा वास नाकात शिरला. हा वास मला ओळखीचा होता. अण्णांच्या शेडमध्ये थिनरचा असाच उग्र, गोडसर वास भरलेला असायचा. झिरपलेल्या ऑइलने माखलेले भाग ते थिनरच्या फडक्याने पुसत. हातातल्या लाल कापसाकडे मी बघत राहिले. मग फोनवरचे फोटो उघडले, गाडीपाशी गेले आणि कॉइलवरचे छापील नंबर, प्रत्येकीचा वेगळा, ताडून पाहिले. सहाही जुळले. नंबर पहिल्यापासून माझ्या फोटोत होते. मला त्यांची आठवणच झाली नव्हती, कारण मी फक्त माझा ठिपका शोधत होते. इंजिनिअर म्हणवते स्वतःला.

ग्रुपवर माफी लिहिली, सगळा प्रकार सांगितला. दोघांनी अंगठ्याचं चिन्ह टाकलं. आधीचा संदेश मात्र कुठल्या कुठल्या ग्रुपांत फिरत होता. डॉक्टरांना फोन करून अक्षरशः विनवलं की कूपे अण्णांकडे परत पाठवा. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, तुम्हीच लिहिलं होतंत ना? आता तुमचं कुठलं खरं मानू?"

दुसऱ्या दिवशी शेडवर गेले. कूपेच्या जागी जमिनीवर चार विटा उरल्या होत्या. मी सगळं सांगितलं, एकही शब्द न गाळता. अण्णा हात पुसत ऐकत होते.

"फडक्याला तांबडा रंग लागला होता," ते म्हणाले. "मी तेव्हाच ओळखलो."

"मग बोलला का नाहीत?"

"मी पण खूण करतो, अक्का. कोण पण बगू दे म्हणून वर करतो." फडकं बाजूला ठेवत म्हणाले, "तुमी विचारल्या असत्या तर नंबर दाखवलो असतो."

मी रडले. त्यांनी मला रडू दिलं आणि मग गिरणीवाल्याकडून कॉफी मागवली. "सरी, बरं. गाडी कशी आहे?" एवढंच विचारलं.

कूपे परत आली नाही. ती दुसऱ्या कुणीतरी सुरू केली, त्याचा व्हिडिओ ग्रुपवर आला. तो अण्णांना दाखवायची माझी हिंमत झाली नाही. शेडमध्ये पूर्वी चार गाड्या असत, त्यानंतर कधी एक, कधी तीही नाही. वयामुळे काम कमी केलं, असं ते सांगायचे. मला ते खरं वाटत नाही.

माझी गाडी ते शेवटपर्यंत बघत राहिले. पण त्या दिवसापासून दार उघडं असे आणि मला आत स्टुलावर बसावं लागे. भाग काढला की ते तो माझ्यासमोर धरत. "बगा." नवा बसवण्याआधी पुन्हा, "बगा." नंबर माझ्याकडे वळवून धरत, मी मान डोलावली की मगच वळत. मी कितीदा म्हटलं, "अण्णा, नका ना दाखवू. माझा विश्वास आहे." ते म्हणत, "आसू दे. बगा." आवाजात राग नसे. राग असता तर बरं झालं असतं.

गेल्या वर्षी अण्णा गेले. त्याच्या महिनाभर आधी त्यांनी माझ्या गाडीचा पाण्याचा पंप बदलला, तेच त्यांचं शेवटचं काम. जुना पंप काढून त्यांनी माझ्यासमोर धरला. मी या वेळी ठरवून तोंड फिरवलं आणि रस्त्याकडे बघत बसले. मला वाटलं, कंटाळून खाली ठेवतील. पंप खाली ठेवल्याचा आवाज आलाच नाही. शेवटी वळून पाहिलं, तर अण्णा तसेच उभे होते, पंप धरलेला हात लांब केलेला, आणि नंबर माझ्याकडे वळवलेला.